गार पेटीतले बोंबील

सहलीला न्यायची म्हणून मी एक गार पेटी विकत घेतली होती, मोटारीच्या बॅटरीवर चालणारी. तिचा पहिला प्रवास मात्र सहलीचा झाला नाही. त्या दिवशी आम्ही तिच्यातून एका बाईचं मरण घेऊन निघालो होतो. हे मला पेटी गाडीत चढवून झाल्यावर कळलं. बाकी सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. आमच्या घरात बहुतेक गोष्टी अशाच क्रमाने घडतात.

नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. बोईसरला कापड रंगवायच्या एका कारखान्यात मी इलेक्ट्रिशियन होतो. वडील साताऱ्याकडून बांधकामाच्या कामावर तारापूरला आले ते इथलेच झाले. मी तर इथेच वाढलो. तरी सासरी मी घाटीच. बायको माहीमची, म्हणजे मुंबईतल्या नव्हे, पालघरजवळच्या माहीमची. घरची होडी, घरचं जाळं, आणि घरातल्या प्रत्येकाला माझ्याहून जास्त कळतं हा घरचाच समज. तो फारसा चुकीचा नव्हता.

त्या वर्षी मी एक जुनी मोटार घेतली. चढ लागला की ती तापायची, उतार लागला की मी. पण गाडी आली म्हणताच मला सापुतारा दिसू लागलं, डहाणूचा किनारा दिसू लागला, झाडाखाली सतरंजी, आणि सतरंजीवर गार सरबत. सरबताशी येऊन गाडी अडली. गार ठेवायचं कशात?

सासूबाईंनी थर्माकोलची मासळीची पेटी देऊ केली. तिच्यात एकदा सरबत ठेवून पाहिलं. लिंबाला हलव्याचा वास आला; मी हलवा मासा म्हणतोय, गाजराचा नव्हे. मग मुंबईला जुन्या परदेशी मालाच्या एका दुकानात गेलो. तिथे जहाजावरून उतरलेली एक विजेची पेटी होती. उचलायला दोन माणसं लागायची, आणि सुरू केली की विहिरीवरचा पंप लावल्यासारखा आवाज. दुकानदाराने तिला बॅटरी जोडून दाखवली आणि अर्ध्या तासात बॅटरी बसली. "बर्फ जमवते साहेब, बर्फ!" तो म्हणाला. मी म्हटलं, मग गाडी घरी बैलाने ओढत आणावी लागेल.

शेवटी कारखान्यातल्या एका सोबत्याचा भाऊ आखातातून आला होता, त्याच्याकडची पेटी मला पसंत पडली. निळी, पांढऱ्या झाकणाची, एका हाताने उचलेल इतकी हलकी. आत यंत्र म्हणावं असं काहीच नाही. एक चपटी चकती आणि तिच्यामागे छोटा पंखा. चकतीतून वीज सोडली की तिची आतली बाजू गार पडते आणि बाहेरची तापते. मला ते फार आवडलं. वीस वर्षं मी विजेवर दिवे आणि मोटारी चालवल्या होत्या. विजेवर थंडावा चालवणं मला जरा साधुपणाचं वाटलं.

पहिल्याच दिवशी मी लाल चिमटा बॅटरीच्या काळ्या टोकाला लावला आणि काळा लालला. आत लोण्याचा गोळा ठेवला होता. तासाभराने बायको उघडून म्हणाली,

"अहो, तुमची पेटी तूप कढवते."

हा दोष माझा नसून विज्ञानाचा विषय आहे असं दाखवण्यासाठी मी तिला समोर बसवून तिची शिकवणीच घेतली. वीज उलटी सोडली की चकतीचं सगळंच उलटं होतं. आतली बाजू तापते, बाहेरची गार पडते. लालला लाल, तर गार. लालला काळा, तर गरम. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं, आणि त्या हिवाळ्यात ती चिमटे उलटे लावून त्या पेटीत दही विरजू लागली. असं घट्ट दही आमच्याकडे पुन्हा लागलं नाही.

पेटीची एकच खोड मला आवडत नसे. चिमटे काढले तरी तिचा पंखा लगेच थांबायचा नाही. चार-सहा श्वासांपुरता फिरत राहायचा, हळूहळू, सुर्र… सुर्र… कारण साधं आहे. एक बाजू गार आणि एक गरम असली की ती चकती स्वतःच थोडी वीज तयार करते. पण हे कारण मला पुढे कळलं. तेव्हा मी नुसताच तिच्याकडे बघत उभा राहायचो आणि कुणी विचारलं तर "असतं तसं" म्हणायचो.

सासूबाई पेटी बघायला आल्या. मी चिमटे काढून पेटी दाखवायला फिरवली तोच ती मागून श्वास सोडू लागली. सासूबाईंनी वाकून ऐकलं, मग बोटाच्या पेराने झाकणावर दोनदा टकटक केलं आणि मगच झाकण उचललं.

"टकटक कशाला?" मी विचारलं.

"बंद पेटी हाय ना. आत जो असेल त्याला सांगावं, आमी उघडतो म्हणून."

"आत लिंबं आहेत."

"मग लिंबांना सांगावं," त्या म्हणाल्या.

त्यांच्या घरात हे सगळेच करतात. ट्रंक असो, धान्याचं पिंप असो, बर्फाची पेटी असो. आधी दोनदा टकटक. मी पुष्कळ हसलो होतो या रीतीवर.

आता मावशी. बायकोची मावशी म्हणजे सासूबाईंची थोरली बहीण. समुद्र सोडून डोंगरात दिलेली त्या घरातली एकटीच मुलगी. नवरा रस्त्याच्या कामावर मुकादम होता. जव्हारच्या पुढे, त्र्यंबककडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावात ती चाळीसेक वर्षं राहिली. बायको तीन वर्षांची असताना सासूबाई लांबच्या दुखण्याने पडल्या, तेव्हा मावशी तिला उचलून घेऊन गेली आणि तिने तिला चौथीपर्यंत सांभाळलं. अजूनही बायको झोपेत दचकली की "मावशे" म्हणते. आमच्या लग्नालाही पहिला होकार मावशीचाच. "घाटी असला म्हणून काय झालं? मी नाय का दगडात नांदले?" असं म्हणून तिने सगळ्यांची तोंडं बंद केली होती. मी तिचा कायमचा ऋणी, आणि तिच्या थट्टेचा कायमचा विषय.

मे महिना संपत आला होता. मावशीचा मुलगा एसटीने सांगायला आला. मावशी पडली होती. आठ दिवस पोटात अन्न नाही, चमच्याने पाणी तेवढं. डॉक्टरांनी औषध थांबवलं होतं. पण जीव जात नव्हता. दाराकडे डोळे लावून पडून असायची, आणि बोललीच तर एकच शब्द: बोंबील. सुके उकडून दिले तर तिने तोंड फिरवलं. ओले पाहिजेत. डोंगरात ओले बोंबील कोण नेणार?

मरणाऱ्या माणसाचा जीव कशात तरी अडकतो, हे आमच्या साताऱ्याकडेही मानतात. कुणाचा लेकीत, कुणाचा बैलात. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या वेळी माझ्या कानांनी एवढंच ऐकलं: ओले बोंबील, शंभर किलोमीटर, ऐन उन्हाळा. आणि माझ्या कोपऱ्यात ती पेटी!

"बर्फात नाय चालणार," सासूबाई म्हणाल्या. "बर्फाचं पाणी लागलं का बोंबील गेला. मग तो नुसता भिजका कापूस. तिला कळंल."

"माझ्या पेटीत पाणीच नाही," मी म्हणालो. "कोरडा थंडावा." एखादा विक्रेता दाराशी उभा राहून बोलतो तसा मी बोललो असणार, कारण मावशीचा मुलगा माझ्याकडे बघून जरा मागे सरकला.

पावसाळ्यासाठी होड्या वर ओढायला चारच दिवस राहिले होते. सकाळी पहिली होडी लागली तिच्यातून सासूबाईंनी स्वतः बारा बोंबील निवडले. कोरड्या फडक्याने एकेक पुसला. मी पेटी रात्रभर चालू ठेवून गार केली होती. तिच्यात केळीचं पान अंथरून त्यावर त्यांनी ते ओळीने निजवले. ओला बोंबील नीट निरखून पाहणाऱ्याला तो खावासा वाटणार नाही. अंगातून उजेड आरपार जाईल असा, हाडं नसल्यासारखा मऊ, जबड्यात सुया, आणि तोंड कायम उघडं. बारा जण तोंड उघडून वर बघत होते. काहीतरी सांगायला सुरुवात केली आणि कुणीतरी झाकण लावलं, असं.

गाडीच्या मागच्या बाजूला पायांशी मी एक ट्रकची जुनी बॅटरी ठेवली होती, म्हणजे गाडीच्या बॅटरीला त्रास नको. पेटी सीटवर, तिच्या शेजारी बायको. मी लाल लालला लावला, काळा काळ्याला. पंखा घुमू लागला, बंद खोलीतल्या भुंग्यासारखा.

"चला, बसा," मी सासूबाईंना म्हणालो.

"मी नाय येत."

"अहो, तुमची सख्खी बहीण."

"म्हणूनच. सख्ख्या बहिणीला मी माझ्या हाताने कशी घालवू?"

"घालवायचं कुठे? जेवायला घालायचंय."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. बालवाडीतल्या मुलाकडे बघावं तशी ती होती. "जावयबापू, तिचा जीव यात हाय. ती खाईल आणि सुटंल." मग खिडकीतून हात घालून लेकीच्या डोक्यावर ठेवला. "पहिला घास तू द्यायचा, पोरी. तिनं तुला भरवलंय. तुझ्याच हातून जाऊ दे."

 बायकोने पेटीवर हात ठेवला, आणि मी गाडी सुरू केली.

पालघर गेलं, मनोर गेलं. हमरस्ता ओलांडून विक्रमगडच्या रस्त्याला लागलो तसे माणसांचे आवाज मागे पडले. डोंगर सगळे उघडे, सागाची पानं गळून वाटेत करपलेली. आरशात मला बायकोचा अर्धा चेहरा आणि पेटीचं पांढरं झाकण दिसत होतं. सहलीची सगळी सामग्री होती: गाडी, पेटी, बायको. सरबताऐवजी ते बारा जण.

"तू देणार घास?" मी विचारलं.

"नाही दिला तर ती अशीच तळमळत राहील."

"आणि दिला तर?"

ती खिडकीबाहेर बघू लागली. "चौथीत मला इकडे माहीमला परत आणलं ना," ती म्हणाली, "तेव्हा मावशी एसटीला सोडायला आली नाही. म्हणाली, घरी काम आहे. मला नीट निरोप घेताच आला नाही. आणि आता जाऊन मी तिला…" 

विक्रमगडला गाडीने मान टाकली. बॉनेट उघडून मी पाणी आणायला हापशावर गेलो. हापशाला रांग, बादली कुणाची तरी मागितलेली. अर्धा तास गेला. परत आलो तर बायको तशीच मागे बसलेली, पदर डोक्यावर घेऊन.

"गार आहे ना पेटी?"

"उघडू नका. थंडावा जातो," ती म्हणाली.

माझंच वाक्य होतं ते. मी मनात म्हटलं, शिकवणी वाया गेली नाही.

पुढच्या चढाला मला पेटीचा आवाज बदललेला वाटला. भुंगा गेला होता. आता आत काहीतरी खरवडत होतं, अडकत होतं, पुन्हा निघत होतं. घर्र… घर्र… पंख्यात धूळ गेली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. वीस वर्षं मोटारींचे आवाज ऐकून दोष सांगणारा माणूस मी. साहेब लोक मला बोलावून म्हणत, नुसतं ऐक आणि सांग. आणि तरी त्या आवाजासाठी आपल्या भाषेत जो शब्द आहे, तो मी मनात येऊ दिला नाही. आजाऱ्याच्या छातीत तो आवाज सुरू झाला की घरातले लोक एकमेकांकडे बघतात, तो.

बरोबर बाराला गाडी पुन्हा तापली. रस्ता रिकामा. इंजिन बंद केल्यावर इतकी शांतता झाली की पानावर पान सरकलेलं ऐकू यावं. आणि त्या शांततेत एकटी ती पेटी घरघरत होती. मी खिडकीतून हात घालून झाकणाला लावला. झाकण कोमट होतं, तापातून उठलेल्या माणसाच्या कपाळासारखं. ऊन लागलं असेल, मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. 

वळणावरून एक म्हातारी आली, डोक्यावर लाकडांची मोळी. गाडीजवळ आल्यावर ती थांबली. मान वळवता येत नव्हती म्हणून सगळीच वळली आणि कान देऊन ऐकू लागली.

"कोण आजारी हाय गाडीत?" तिने विचारलं.

"कुणी नाही आजी."

"मग ऐकू येते ते कोण?"

 मासे, असं सांगणं बरं दिसलं नसतं. म्हातारीने मोळी सांभाळत रस्ता ओलांडला, आणि पलीकडच्या कडेने, आमच्याकडे न बघता, निघून गेली. प्रेत जात असलं की लोक बाजूला होतात ना, तेवढं अंतर ठेवून. माझ्या मानेवर काटा आला. ऐन मे महिन्यात, भर उन्हात, मला त्या पेटीतून थंडी मिळाली ती तेवढीच.

दीडच्या सुमारास पोचलो. अंगण माणसांनी भरलेलं. कुणी रडत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. आठ दिवस वाट बघून लोक दमले होते. मी चिमटे ओढून काढले. आधीच एसटीने परतलेल्या मावशीच्या मुलाने पेटीची मागची बाजू धरली, मी पुढची. एका हाताने उचलली जाणारी ती पेटी, पण एकट्याने नेणं त्या दिवशी जमलं नाही. आम्ही दोघं ती घेऊन अंगणातून निघालो तशा बसलेल्या बायका पदर सावरून उभ्या राहिल्या. आमच्या दोघांत ती पेटी, तिचा पंखा अजून फिरत होता, घर्र… घर्र… सुटलेली तार माझ्या पायांत लोळत होती, आणि आतलं थांबत नव्हतं. तळहाताला तळ चांगलाच गरम लागला. इंजिनाची झळ, मी म्हणालो. त्या दिवसात मी स्वतःला जितकी कारणं दिली तितकी कारखान्यातही कधी दिली नव्हती.

पेटी खाटेशी ठेवली. मावशीचं अंग असं काही उरलंच नव्हतं, गोधडीखाली सपाट. डोळे तेवढे मोठे झालेले. बायको तिच्या उशाशी बसली. मी झाकणाला हात घातला, तेवढ्यात गोधडीतून मावशीचा हात बाहेर आला, हवेत थांबला, आणि पेराने झाकणावर दोनदा वाजला. टक. टक.

मी उघडलं.

आधी वाफ आली. मग जो वास आला त्याचं वर्णन करणं म्हणजे वाचणाऱ्याशी वैर धरणं. दारातले लोक एकदम मागे हटले. पेटीत बोंबील नव्हतेच. काळवंडलेल्या केळीच्या पानावर पांढरा लगदा होता, अर्धा शिजलेला, अर्धा सडलेला, आणि त्यात बारा जबडे, अजून उघडे.

मावशीच्या नाकपुड्या हलल्या. डोळे दाराकडून वळले, पेटीकडे आले, तिथून माझ्यावर. ओठ दोनदा हलले आणि तिसऱ्यांदा आवाज फुटला.

"घाट्या."

आठ दिवसांतला बोंबील सोडून पहिला शब्द.

"घाट्या, उकडून आणलेस? बोंबील?"

"मावशी, ते… वीज…"

"आता होड्या वर ओढतील," ती हळूहळू म्हणाली, हिशेब जुळवत असल्यासारखी. "आता कुठला ओला बोंबील? नारळी पुनवेपर्यंत थांबायला लागंल." मग तिने सुनेकडे मान फिरवली. "पेज हाय का गं?"

अंगणात कुणीतरी हसलं आणि लगेच तोंड दाबलं. सून चुलीकडे धावली. मी बाहेर गाडीशी गेलो आणि बॅटरीच्या टोकांकडे पाहिलं. चिमटे तर मी ओढून काढले होते. पण बॅटरीच्या काळ्या टोकावर लाल चिमट्याचा लाल रंग घासून लागलेला होता. नवाकोरा. वीस वर्षांचा इलेक्ट्रिशियन, सकाळच्या घाईत लाल काळ्याला लावून बसला! त्या अंगणात पहिला मी रडलो. लोकांना वाटलं, मावशीसाठी.

बायको म्हणाली, "मी राहते इथे." आणि ती राहिली. पावसाळाभर.

मी सुट्टीच्या दिवशी एसटीने जायचो. मधल्या दिवसांत करपलेला भात खायचो आणि कारखान्यात "बोंबील उकडणारे साहेब" या नावाने ओळखला जायचो. तिकडे मावशी बसती झाली होती. बरी झाली असं मात्र कुणी म्हणत नव्हतं, तीही नाही. सामान बांधून झालेलं माणूस ओट्यावर बसतं तशी ती बसायची. बायको तिच्या डोक्याला तेल लावायची आणि मावशी तिला तिच्याच लहानपणच्या गोष्टी सांगायची: ती कधी चालली, कशाला भ्यायची, कोणत्या दगडावर पडून भुवईला खोक पडली. भुवईवरची ती खूण मी इतकी वर्षं पाहत होतो. तिची गोष्ट मला त्या पावसाळ्यात कळली. शिवाय त्या दिवशी एसटीला सोडायला मावशी का आली नव्हती, तेही एकदा निघालं. ती आली होती. फाट्यावरच्या झाडामागे उभी होती.

मी गेलो की मावशी विचारायची, "पाणी कुठवर आलं?" तिथून समुद्र शंभर किलोमीटर. पण डोंगरावरून वारा सुटला की ती बोट वर करायची. "ऐका. भरती हाय." मी ऐकायचो. पावसातला वारा तो, दुसरं काय असणार. तरी एकदा माहीमला आलो तेव्हा, उगीच, सासूबाईंना वेळ सांगून विचारलं. त्या वेळी भरतीच होती. मी पुन्हा विचारलं नाही.

नारळी पौर्णिमा झाली. समुद्राला नारळ वाहून होड्या गेल्या आणि भरून आल्या. बायको माहीमला आली. सासूबाईंनी पुन्हा बारा बोंबील पुसले, पुन्हा केळीचं पान. मी पेटी गाडीत ठेवली आणि चिमटे हातात घेतले.  लाल कुठे, काळा कुठे, मी मोठ्याने म्हणू लागलो.

बायकोने माझ्या हातातून चिमटे काढून घेतले. न बघताच लाल लालला लावला, काळा काळ्याला. भुंगा घुमू लागला.

"तुमची चूक नव्हती," ती म्हणाली. "तुम्ही बरोबर लावले होते. विक्रमगडला तुम्ही पाणी आणायला गेलात, तेव्हा मी फिरवले."

 तीन महिने माझ्या डोक्यावर उकडलेले बोंबील होते.

"का?" एवढा मूर्ख प्रश्न मी आयुष्यात दुसरा विचारला नसेन.

"माझी तयारी नव्हती हो."

"आणि आता?"

"तिची कधीचीच आहे." तिने झाकण दाबून बसवलं. "आता मी तिला थांबवून धरणं बरं नाही."

सासूबाई न सांगता येऊन पुढच्या सीटवर बसल्या.

मावशीने पुन्हा पेराने दोनदा टकटक केलं. या वेळी झाकणाखालून थंडावा आला, आणि बोंबील तसेच, उजेड आरपार जाणारे. सासूबाईंनी कालवण केलं. बायकोने भातात कालवून पहिला घास तिच्या तोंडात दिला. मावशीने डोळे मिटून चावला. मिटलेले तिचे डोळे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. दीड बोंबील खाल्ला. बोटं चाटली.

"मीठ कमी हाय," ती बहिणीला म्हणाली, आणि आडवी झाली. दिवेलागणीला सून उठवायला गेली तेव्हा ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी सगळं आटोपून आम्ही निघालो. पेटी पडवीत होती. रिकामी, धुतलेली, झाकण लावलेली. चिमटे आदल्या दुपारीच काढले होते. मी उचलायला वाकलो आणि ऐकलं. सुर्र… सुर्र… पंखा फिरत होता. अगदी हळू.

मला चकतीचं शास्त्र तेवढ्यातच कुठेसं वाचून कळलं होतं. आत गार, बाहेर गरम, म्हणून थोडी वीज. मी बायकोला ते सांगायला लागलो. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की चार-सहा श्वासांची गोष्ट ती. अख्खी रात्र गेल्यावर आत-बाहेर सगळं एकच असतं. वाऱ्याने फिरत असेल, मी म्हणालो. पडवीत वारा नव्हता.

"असेल," बायको म्हणाली. ती खाली बसली आणि पेराने झाकणावर दोनदा टकटक केलं. पंखा एक फेरा पुरा करून थांबला. मग तिने पेटी एका हाताने उचलली आणि गाडीत नेऊन ठेवली.

सापुताऱ्याला आम्ही पुढे गेलो, पण थर्माकोलची पेटी घेऊन. सरबताला हलव्याचा वास आला, तो आम्ही प्यायलो. निळी पेटी अजून माळ्यावर आहे. तिच्यात मी जुन्या वायरी ठेवतो. काढायच्या असल्या की आधी दोनदा टकटक करतो. आत वायरीच आहेत, मला माहीत आहे. पण वायरींनाही सांगावं.